काच लावायची नाही

३ मार्च
आलो एकदाचे. ताईला तिघांनी खुर्चीसकट तिसऱ्या मजल्यावर चढवलं आणि चढताना पाय कुठे टाकायचा हे तीच त्यांना सांगत होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिचं अंग पलंगावर आणि लक्ष साऱ्या जगावर. पन्नाशी उलटली माझी, तरी अजून मला खिळ्या म्हणते. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, तेव्हा म्हणू दे. घर झकास आहे. फक्त तिच्या खोलीला खिडकी नाही, ते मनाला लागलं.

५ मार्च
कामाला सुरुवात. मालकीणबाई फोटो काढतात, फक्त एका जुन्या खिडकीचे, तेही इतक्या जवळून की खिडकी ओळखूच येऊ नये. दुधी काच, तिच्यामागे रंगांचे ढग, मधूनच एक लाल पट्टा. त्याचे मोठाले प्रिंट दवाखान्यांत, दिवाणखान्यांत भिंतीवर लागतात. तो लाल लोकांना फार आवडतो म्हणे. फ्रेमा मी करायच्या. अट एकच, काच लावायची नाही. का, विचारलं तर म्हणाल्या, काच चमकते. बावीस वर्षं फ्रेमा करतोय, मला हे उघडंनागडं काम बघवत नाही.

९ मार्च
लावलीच काच, गुपचूप, दोन फ्रेमांना. न चमकणारी, उत्तम. एक कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची, त्यांना रोज पुसायला बरी. दुसरी ताईची. कोपरा दुमडलेला एक प्रिंट बाजूला टाकला होता, तो मागून घेतला आणि तिच्या पलंगासमोर टांगला. ताई खूश. म्हणाली, घराला खिडकी बसवलीस बाबा, तीही पडद्यासकट. कसला पडदा, विचारलं. तर म्हणे, तो लाल.

१३ मार्च
ताई म्हणते, पडद्याआड एक माणूस असतो. परवा लांब होता, आज जवळ आलाय. तिने हात हलवला तर त्यानेही हात वर केला. हातात काहीतरी होतं. मी हसलो, म्हटलं तुला स्थळ आलंय. ती हसली नाही.

१६ मार्च, दुपार
डॉक्टर गेले. सकाळी दहा वाजता, बाहेर पेशंट बसलेले असताना. हातोड्याने. दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं. चेहरा उरला नव्हता, जबडा छातीवर लोंबत होता. दार आतून बंद आणि आत दुसरं कोणी नाही. पोलिसांनी फ्रेमविषयी विचारायला मला बोलावलं. बाहेरून घाव बसला असता तर काच चित्रात रुतली असती. ही सगळी पुढे उडाली होती, खुर्चीपर्यंत. आणि चित्रातला लाल पट्टा नाहीसा झाला होता.

मालकीणबाईंना काच लावल्याचं सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. म्हणाल्या, पंधरा वर्षांपूर्वी एका बंद घराच्या खिडकीचे त्यांनी एका सकाळी चाळीस फोटो काढले. वाटलं, वाऱ्याने लाल पडदा हलतोय. दुसऱ्या दिवशी त्या घरात बाई आणि दोन पोरं हातोड्याने ठेचलेली सापडली. दारं-खिडक्या आतून लावलेल्या. नवरा कधीच मिळाला नाही. तो फोटोंत आहे. काच लावली की त्याला खिडकी मिळते, काच फुटली की वाट. त्यांच्या यजमानांनी पहिल्या फ्रेमला काच लावली होती, ते असेच गेले. इतकं माहीत असून बाई विकत राहिल्या! त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण मीही घरी एक—

साडेतीन
तो काचेला नाक लावून उभा. डोळे दिसतात. ताई भिंतीकडे तोंड करून पडलेली, म्हणे गेला तासभर. फ्रेम उतरवून मागची पट्टी उकलायला गेलो तर काचेला तडा गेला. आता उकलता येत नाही. फ्रेमची काचेची बाजू भिंतीला टेकवली आणि पाठीने दाबून बसलोय. ताईला एकट्याने उचलणं माझ्याच्याने होणार नाही. स्ट्रेचरवाल्यांना फोन केलाय. वही मांडीवर आहे. त्या बाईसारखा मी गप्प बसणार नाही. कोणी वाचलं तर— काच लावू नका.

चारला दहा कमी
ठोकतोय. प्रत्येक घाव माझ्या पाठीत. तडा वाढल्याचा आवाज येतो—

चार
स्ट्रेचरवाले आले. ताई हटून बसलीय. खिळ्याला घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणते. मी उठलो तर तो खोलीत, आणि ती अजून पलंगावर. काय करू? म्हटलं, कंटाळलोय तुला, जन्मभर उरावर बसलीस, जा एकदाची.
तिने माझ्याकडे पाहिलं नाही. उचला म्हणाली.
नेलं तिला.

काच गेली. भिंत आणि फ्रेममधल्या फटीतून हात बाहेर आलाय, हातोड्यासकट. गुडघा फोडला माझा. वाटी सरकलेली दिसते. उठायचं नाही. ती तळाला पोचेपर्यंत नाही. जिन्यात तिचा आवाज— मला शिव्या घालतेय, मोठ्याने, दुसरा मजला असेल—
पुन्हा मारलं. बरगडी—
आवाज बारीक झाला. पहिला मजला. अजून थोडं. ताई, बोलत राहा, कळू दे मला, अजून एक जिना, अजून दहा पाय—