गारुडाचं वाक्य

बाबा, आज वर्गात ‘गारूड’ हा शब्द आला. काळेवाडीच्या शाळेत मी मराठी शिकवते, ते बघायला तुम्ही राहिला नाहीत. फळ्यावर लिहिलं, गारूड म्हणजे मंत्रानं पाडलेली भूल. पुस्तकांत ते चांदण्याचं असतं, सुरांचं असतं, कुणाच्या बोलण्याचं असतं. मुलींनी मुकाट्यानं उतरवून घेतलं. मीही एकदा असंच घेतलं होतं.

सातवीत होते. भोसरीच्या आपल्या खोलीत आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून आलाय आणि मी विचारते, गारूड शब्दाचं वाक्य सांगा. तुम्ही चहाची बशी खाली ठेवता. “कसं हाय माय, प्रेसवर दोन घंटे उभं राहिलं का डोळे उघडेच राहतेत, पर मानूस तिथं नसतो. हात आपसूक आत जातो, भायेर येतो. लिही, प्रेसनं माझ्या हातावर गारूड केलं.” मग हसत सांगितलंत, की प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हात त्यांच्यावर असले तरच ती खाली येते, पण माल जास्त निघावा म्हणून तुम्ही सगळे एका बटणात लाकडाची चिप ठोकून ते दाबलेलंच ठेवता. एक हात मोकळा राहतो. आई म्हणाली, “नगा करू असलं.” मला भीती नाही, लाज वाटली. बाकीच्या पोरी चांदणं लिहिणार आणि मी पत्रा कापायची प्रेस.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दारातच विचारलंत, “काय म्हणल्या बाई?”

“चूक आहे म्हणाल्या. खोडलं.”

“आसंल. आपल्याला कुठं येतंय.” त्यानंतर तुम्ही माझ्या वहीकडे कधी वळला नाहीत. दिवाळीच्या आधी त्याच मोकळ्या हाताची तीन बोटं गेली. दवाखान्यात तो हात छातीशी धरून तुम्ही छताकडे बघत पडला होता. तेव्हा सांगायला हवं होतं. नंतर तर तुम्हीच गेलात.

फळ्यावर आजही चांदणंच लिहिलं. हा कागद तुमच्या फोटोमागे सरकवून ठेवीन, तुम्हाला आधी लिहिलेल्या कागदांसारखा. बाईंनी तुमचं वाक्य वाचलंच नव्हतं, बाबा. वही देण्याआधी शाळेच्या जिन्यात बसून ते मीच खोडलं होतं.