गल्लीभर ठाऊक असलेला पासवर्ड

७ मार्च ९९, रवि., धुळे
सकाळच्या बसने जळगावहून अक्काकडे. नात्याने मावशी, पण तिला मावशी कोणी म्हणत नाही. गल्लीची अक्का तीच माझीही. अंगणभर बिबड्या, आंबवलेल्या ज्वारीचे पापड. चुलीवर ज्वारीच्या पिठाचा घाटा रटरटतोय, खाटेवर ओलं कापड, सात-आठ बाया थापायला. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, असं अख्खा उन्हाळा चालतं.
क्लासच्या कॉम्प्युटरवर मी पान बनवलंय. 'अक्काच्या बिबड्या', फोटो, खाली पत्ता. इंटरनेटवर फुकटच्या जागेवर चढवलं. अक्काला छापून आणून दाखवलं.
"दुकान कोठे शे?"
"कुठेच नाही, अक्का."
"मंग गिऱ्हाईक कोठे येस?"
क्लासमध्ये पोरांना हे शिकवायला मला तीन तास लागतात. इथे दोन प्रश्नांत निम्मा धडा झाला.

७ मार्च, दुपार
स्टँडजवळच्या सायबर कॅफेत ई-मेलची टपालपेटी उघडली, तिचा पत्ता पानावर टाकला. मी आठवडाभर जळगावला, म्हणून पेटी बघायला वत्सला. शेजारची, दहावी झालेली, धीट. माउस हातात घेतल्यावर आधी पदराला पुसला. तासाभरात जमलं तिला.
पासवर्ड अक्काला नि वत्सलाला सांगितला. बजावलं की तिसऱ्या कानाला नको. घरी येऊन चहा घेते तोवर अक्काने तो अख्ख्या अंगणाला सांगून टाकलेला! सुनेने, मंदाने, कोळशाने भिंतीवर लिहूनही ठेवला, गॅसच्या नंबराशेजारी. मी डोक्याला हात लावला.
"काय वं, त्यामा लपाडनासारखं काय शे? एकीले सांगं, दुसरीले नही, तर तिले काय वाटी?"
बरं.

१४ मार्च, रवि., धुळे
पहिलं गिऱ्हाईक. अमेरिकेतली कोणी रेखा. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलंय, वाचताना जीभ अडखळते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिकडच्या खान्देशी बाया जमणार, त्यांना बिबड्या हव्यात.
मी खुशीत. अक्का शांत. "कोनी पोर शे ती? माहेर कोठलं?"
हे कुठलं दुकान विचारतं? पण कळवलं. ती खरी की कोणी टवाळ, हे इथून कळायला माझ्याकडे तरी दुसरा उपाय काय होता.

२० मार्च, शनि., धुळे
रेखाचं उत्तर लांबलचक. माहेर सोनगीर, घर किल्ल्याच्या पायथ्याशी, आजी कोण, आजीची बहीण कोणाकडे दिली, भाऊ नाशिकला, सगळं. अक्काने त्या बहिणीला लग्नात पाहिलेलं. "आपलीच शे." झालं, ओळख पटली.
त्याच मेलमध्ये तिने क्रेडिट कार्डाचा नंबर लिहून पाठवलाय. मी हादरले. साधा मेल म्हणजे पोस्टकार्ड, वाटेत कोणीही वाचावं. आमच्या पानाला कुलूपही नाही. ताबडतोब पुसला आणि लिहिलं की असं पुन्हा करू नका, पैशांचं तुमच्या नाशिकच्या भावाशी बोलून घेऊ.
अक्का म्हणाली, "तिना कुलूपनी किल्ली आपलाकडे कशाले?"
तिची किल्ली नको, आणि आपली मात्र भिंतीवर.

२८ मार्च, रवि.
पहिला डबा गेला, मासला म्हणून. तेलाचा पत्र्याचा, आत जुन्या लुगड्याच्या घड्या, घडीत बिबडी. ही कल्पना मंदाची. न फुटता पोचला तर तिला पानावर नाव देईन म्हटलं. लाजली.

११ एप्रिल, रवि., जळगाव
पोचला. एकही फुटली नाही. वत्सलाने गेल्या सोमवारी कॅफेतून फोन केला, आवाज चढलेला. रेखा लिहिते, तोंडात घातली आणि रडू आलं. आखाजीची मोठी ऑर्डर लगेच कळवते म्हणाली. मीही क्लासमध्ये उगाच हसत होते.
नंतर काहीच नाही. आखाजी तोंडावर आली, ऑर्डर नाही. गेलं असेल लक्षातून. परदेशातली माणसं.

२५ एप्रिल, रवि., धुळे
रेखाचा मेल. 'नवीन पत्त्यावर ऑर्डर दिली होती तशी भावाकडून माल आला, पण अक्का, हा तुमचा हात नाही. ज्वारी नीट आंबलेली नव्हती. चाळीस बायांसमोर मान खाली गेली. तुमचा खरा पत्ता कोणता, एकदाच सांगा. नाहीतर राहू द्या.'
कसला नवीन पत्ता?
पाठवलेल्या मेलांत शोधलं. सापडलं. आमच्याच पेटीतून, आमच्याच नावाने: 'यापुढे इथे लिहू नये, खालच्या पत्त्यावर लिहावे.' पत्ता आमचा नाही.
कोणी कुलूप फोडलं नाही. आमच्याच किल्लीने दार उघडलं, काम केलं, दार लावून घेतलं. बाहेरून कोणी आत शिरलं असतं तर इतकं लागलं नसतं.

२५ एप्रिल, संध्याकाळ
कॅफेवाल्याला विचारलं. "ताई, तुमच्याकडचीच बाई होती. डोक्यावर पदर. दुपारची आली होती." डोक्यावर पदर नसलेली आमच्यात कोण आहे?
टाइप करता येतं ते वत्सलाला. पण तिच्या शेजारी बसून रोज कोणी ना कोणी बघत असेच. मंदाही, अधूनमधून. नाव मनात येतं आणि मी ते ढकलते.
अक्काला सांगितलं. घाटा ढवळत होती, हात थांबला नाही. म्हणाली: "माले कोनले इचारनं नही. इचारं का घर फुटस."
"आणि तुझं नाव गेलं ते?"
"मनं नाव मना हातमा शे."
राग आला. रेखाला काय कळवायचं, नाव हातात आहे म्हणून?

२ मे, रवि., धुळे
अंगणात सगळ्या होत्या. कोणी गैरहजर असती तर बरं झालं असतं. हसणं-खिदळणं नेहमीचं. मीच प्रत्येकीकडे बघत होते, चोरासारखी. मंदाने ज्वारी आणखी एक दिवस भिजत ठेवली, न सांगता.
जाताना वत्सला बोळापर्यंत आली. "ताई, तुमचा संशय माझ्यावरच आहे ना?"
"नाही गं."
"तसं असलं तर तोंडावर म्हणा. पाठीमागे नको."
बसची वेळ झाली होती, निघाले.

९ मे, रवि., जळगाव
धुळ्याला गेले नाही. इथेच पासवर्ड बदलला. फक्त मला ठाऊक. क्लासमध्ये फळ्यावर हेच लिहिते मी: पासवर्ड एकाचाच. पोरं लिहून घेतात. बदलल्यावर सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.
रेखाला अजून उत्तर नाही. 'हाच पत्ता खरा' असं लिहायला घेतलं की हात थांबतो. तो खरा राहतो की नाही, ते अंगणात ठरणार.

१६ मे, रवि., धुळे
शेवटची थापणी. वत्सला कालच कॅफेत गेली होती, पेटी उघडली नाही म्हणून परत आली. तिने ते सगळ्यांसमोर सांगितलं, खाली मान घालून थापता थापता.
अक्का माझ्याकडे वळली. "बदलं का तू? नवीन काय ठेवं? सांग बठ्ठासले." म्हणजे सगळ्यांना.
थापण्याचे आवाज एकेक करत थांबले. मंदा कोळसा घेऊन भिंतीपाशी उभी. वत्सला उठली, म्हणाली, "मी पाणी बघते."
अक्काने तिचा हात धरला. "बैस. तुना बगर नही सांगाव ती."
सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. यातली एक ती. आणि बाकीच्या ती नाहीत.
"बदलला नाही," मी म्हटलं. "मशीनमध्येच काहीतरी बिघाड आहे."
अक्काने मला नीट पाहिलं. "बरं. जव्हय ठेवशी तव्हय बठ्ठासले सांगजो." मंदाने कोळसा चुलीत टाकला.
वत्सलाने हात सोडवून घेतला, उरलेला घाटा झाकला, स्वतःची परात धुऊन कडेवर घेतली. एरवी ती परात अक्काकडेच असते.