उजव्या बाहीतली नाडी

दादा,

मी संशयी आहे, कबूल. बाबांच्या मेंदूत गुठळी अडकली, उजवा हात लुळा पडला, आणि तुझ्या त्या दवाखान्याने स्टेम सेल टोचून तो हलता करायची छातीठोक हमी दिली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. बाबा एवढे पट्टीचे शिंपी, पण गिऱ्हाइकाला त्यांनी कधी अशी हमी दिली नाही.

मग व्हिडिओ कॉलवर बाबांनी शालीतून तो हात वर केला. तू रडलास आणि लगेच दुसरं इंजेक्शन ठरवलंस. एरवी त्या हाताने माशीसुद्धा हाकलत नाहीत, म्हणून मी आईला विचारलं. ती म्हणाली, "तुला मेलीला कशातच चांगलं दिसत नाही."

आज बाबांचा शर्ट धुवायला घेतला. उजव्या मनगटाशी आतून नाडी शिवलेली, मानेमागून डावीकडे काढलेली. शालीखाली डाव्या हाताने ओढली की उजवा उठतो! टाके वाकडेतिकडे, डाव्या हाताचे. तुझी आशा मोडू नये म्हणून.

तुला हे कळवणारच होते. पण टाक्यांच्या शेवटी गाठ दिसली, लांब शेपूट सोडलेली. असं शेपूट सोडते म्हणून बाबा आईला जन्मभर टोमणे मारत आलेत.

म्हणून हे पत्र फाडणार आहे. नाडी मात्र कापली. रविवारी तुझ्या कॉलवर हात उठणार नाही. तू दवाखान्याला शिव्या देशील, दुसरं इंजेक्शन टळेल, आणि त्या दोघांना कुणी काही विचारणार नाही.

आई माझ्याकडे संशयाने बघेल. बघू दे.

तुझी,
धाकटी