पडद्याची मोटार

॥ श्री ॥

धाराशिव, ता. २ जुलै १९४४

चि. महादेवीस,
वीरभद्रमामाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. सुखरूप पोचले, खोली मिळाली, जेवण ठीक आहे, एवढंच. तुझी मामी म्हणते, तहसिलीची नोटीस याहून प्रेमळ असते. रागावलेली नाही ती; कार्ड तिनं भिंतीतल्या देवळीत नीट ठेवलं आहे.

चि. लिहून मी थांबलो. पूर्वी पुढं सौ. येई. गेल्या शिवरात्रीला जावई तापानं गेले, तेव्हापासून लोहाऱ्याहून तुझे सासरे गुंडप्पा तुझ्या नावामागं गं. भा. लिहितात. रीतच आहे, त्यांचं चुकत नाही. माझ्या हातून मात्र ते लिहिलं जात नाही.

त्यांनी तुला शिकायला एका वर्षाची मोकळीक दिली, तीही मी फार गळ घातली म्हणून. तू निघालीस त्या दिवशी ते मला म्हणाले, शिकून काय तालुकदारीण व्हायचंय का तिला? मी हसलो. संध्याकाळी रोजनिशी लिहिताना प्रश्न पडला की मी का हसलो. त्यांना वाईट वाटू नये म्हणून, की मला उत्तर सुचलं नाही म्हणून?

मी शिकलो तेव्हा हैदराबादचं विद्यापीठ शहरातच, भाड्याच्या घरांत भरायचं. आताच्या दगडी इमारती मी पाहिलेल्या नाहीत. त्यामुळं कुठं काय आहे हे मला सांगता येत नाही. एखाद्या जुन्या मुलीला विचार, लाजू नकोस. आणि कसं वाटतं ते लिही.

मामीच्या फुगलेल्या गालांसकट आमची माया तुझ्याकडं आहे, हे असू दे ध्यानात.

तुझा,
वीरभद्रमामा


हैदराबाद, ता. ३० जुलै १९४४

तीर्थरूप मामांस,
महादेवीचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

कसं वाटतं ते विचारलंत. काही वाटत नाही. रडू येत नाही. घंटा झाली की जेवते, दिवा गेला की झोपते. तुम्हाला काळजी वाटावी म्हणून हे लिहीत नाही. खोटं लिहिलं तर तुम्हाला कळेल म्हणून लिहिते.

आमचं वसतिगृह शहरात आहे. तिथून आम्हा मुलींना मोटारीनं विद्यापीठात नेतात. खिडक्यांना जाड पडदे, आणि उतरताना दारापासून वर्गापर्यंत दोन्ही बाजूंनी कनाती. त्यामुळं रोज जात असूनही मी विद्यापीठ अजून पाहिलेलं नाही. हे वाचून मामी हसतील.

नळदुर्गची चाँदबी म्हणून बी. ए.च्या शेवटच्या वर्गात एक मुलगी आहे. नव्या मुलींना ती मोटारीत आळीपाळीनं शेजारी बसवते आणि विद्यापीठ शिकवते. रुळांवर गचका बसला की शहर संपलं. मोटार चढाला कण्हायला लागली की कांदा भाजल्याचा वास येतो, ती मुलांची खानावळ. मग सगळ्या जणी डावीकडं कलंडतात, ते ग्रंथालयाचं वळण. तिथं नव्या मुलीनं मोठ्यानं ग्रंथालय म्हणायचं असतं. मी गप्प बसले. तेव्हा चाँदबी म्हणाली, अगं ए धाराशिववाली, तोंडात गूळ धरून बसलीस व्हय? अशीच बसलीस तर एक दिवस ड्रायव्हर तुला शेळ्यांच्या बाजारात उतरवंल. बाकीच्या लई हसल्या. मी हसले नाही. तिला राग आला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मलाच पुन्हा शेजारी ओढलं, आणि तिसऱ्या दिवशीही.

परवा त्या वळणावर मी ग्रंथालय म्हणाले. लिहिण्यासारखं एवढंच.

मामींना नमस्कार. माझ्याकडून पत्रं तोकडी आली तरी तुमची माया तोकडी होऊ देऊ नका.

आपली,
महादेवी


धाराशिव, ता. ११ मार्च १९४५

चि. महादेवीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

काल गुंडप्पा आले होते. मामीनं चहा पुढं केला तर नको म्हणाले, तेव्हाच मी समजलो. तुझ्या सासूबाई नागम्माबाईंचे गुडघे धरले आहेत, जात्यावर बसवत नाही. परीक्षा झाली की सून लोहाऱ्याला यावी, असं त्यांचं म्हणणं आहे. आली नाही तर तिनं पुन्हा आमच्या उंबऱ्यावर उभं राहू नये, म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं. बाहेर पडून वहाणा घालताना त्यांनी विचारलं, पोरगी जेवते ना नीट? मी होय म्हणालो.

दुसरी गोष्ट लिहावी की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं. तेरखेड्याचे बसवराज, ते शोभेच्या दारूचे व्यापारी, त्यांची मल्लम्मा मॅट्रिकला बसली आहे. महादेवी तिथं असेल तर पोरीला पाठवतो, नसेल तर न्हाय, असं त्यांनी मला स्वच्छ सांगितलं. हे तुला कळवलं तर तुझ्यावर ओझं टाकल्यासारखं होतं, न कळवलं तर लपवल्यासारखं. म्हणून कळवतो आहे. तेही बरोबर केलं का, ठाऊक नाही.

मी तुला पाठवलं ते तुझ्या भल्यासाठी, असं सगळ्यांना सांगत आलो. खरं म्हणजे तू ओसरीवर भिंतीकडं बघत बसायचीस, ते मला बघवत नव्हतं. यातलं कोणतं कारण मोठं होतं, मला सांगता येत नाही. तू लोहाऱ्याला गेलीस तरी माझा राग नाही. राहायचं ठरवलंस तर गुंडप्पांना मी लिहीन.

कसं वाटतं ते कळव. मामी म्हणते, एकदा तरी भांडायला ये.

तुझा,
वीरभद्रमामा


हैदराबाद, ता. ६ मे १९४५

तीर्थरूप मामांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

परीक्षा संपली. पेपर बरे गेले.

गेल्या महिन्यात मोटार चढावरच बंद पडली. ड्रायव्हरनं पुष्कळ खटपट केली, शेवटी आम्हाला उतरून चालावं लागलं. विद्यापीठ तेव्हा पहिल्यांदा दिसलं. फार मोठं आहे. चाँदबी तर रस्त्यातच उभी राहून रडायला लागली. इतकी वर्षं ती तिथं शिकली आणि तिनंही ते पाहिलेलं नव्हतं. मला काही वाटलं नाही. बाकीच्या विचारत होत्या, आता कुठं जायचं. मी पुढं झाले आणि आधी खानावळीचा वास, मग ग्रंथालयाचं वळण, असं करत त्यांना वर्गापर्यंत नेलं.

चाँदबीचं लग्न ठरलं. ती आता येणार नाही.

लोहाऱ्याला मामंजींना मी स्वतः पत्र लिहिलं, काल टाकलं. मी येत नाही, असं लिहिलं आहे. सासूबाई मला कधी टाकून बोलल्या नाहीत. त्यांच्या गुडघ्यांचं वाचून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं की नाही, हे मी खूप शोधलं, सापडलं नाही. ते घर आता मला बंद झालं. हे मला कळतं. तुम्ही त्यांना काही लिहू नका. मी तुमच्या मागं लपले असं त्यांना वाटेल. तुम्ही पाठवलंत ते का, याचाही विचार सोडा. राहायचं मी ठरवलं आहे.

आणखी एक, मामा. कसं वाटतं हे थोडे दिवस विचारू नका. आज दिवसभर काय केलं, असं विचारा. त्याचं उत्तर माझ्याजवळ असतं.

बसवराजकाकांना सांगा, मी इथं आहे. मल्लम्माबरोबर जाड घोंगडी द्या म्हणावं, वसतिगृहाची फरशी गार असते. पहिले काही दिवस ती रडेल, घरी पत्रं लिहील. त्यावरून लगेच न्यायला येऊ नका म्हणावं. सोलापूरची गाडी नामपल्ली स्टेशनावर सकाळी येते, पण पुष्कळदा दुपार होते. केव्हाही येवो, मी फलाटावर असेन.

मामींशी भांडण उधार. दोघांनी मला जीव लावलेला आहे, तो तसाच लावून ठेवावा.

आपली,
महादेवी