एकाच भिंतीला दोन दारं

मिझुरी

सौ. लोव्हिना हिस, प्रभूची शांती लाभो.

मी खुशाल आहे. रोडा, नातवंडं मजेत. तुझा गुडघा कसा आहे?

जावयाने अवजारांची शेड बांधायला बोलावलं, पण त्याला समोरच दोन दारं हवीत. आत एकीकडे टोप्यांच्या खुंट्या, दुसरीकडे बायकांच्या टोपड्यांसाठी फळी.

मी विचारलं, "ऑर्विन, नांगरांतही बायका-पुरुष वेगळे बसतात का रे?"

"काहीतरीच हं बाबा! हवा खेळायला हो!"

रोडाने मान वळवली.

बायका-पुरुषांना वेगळी दारं असलेलं आपलं प्रार्थनाघर मला ओळखू येतं. चर्चची मंडळी पुन्हा फुटणार, ऑर्विनचा गट इथे वेगळा जमणार, आणि रोडा प्रभुभोजनाला आपल्या पंक्तीत नसणार.

एक दार बसवलंय. दुसऱ्याला हात लावलेला नाही.

निघताना तू म्हणालीस, "तो सांगेल तसं बांधा, उगाच खोदून विचारू नका." लोव्हिना, तुला ठाऊक होतं?

तुझा,
एलाम