तीनास दोनला भाग जात नाही

धाकटे,

थोरलीचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे बरे असावेत. माझे होते तसेच आहेत. जागा माझी बदलली आहे, ते पुढे सांगते. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून हे पत्र. मी सांगते आणि सूनबाई लिहिते आहे. (अक्षर वळणदार आहे. स्वभावाचं तू ठरव. थांबलीस का गं? लिही.)

सूनबाई घरी पोरांची शिकवणी घेते, हे तुला ठाऊक आहे. सध्या गुणोत्तरं चालली आहेत. मला आकडा काढता येत नाही, पण भिंतीआडून ऐकून ऐकून त्या पोरांपेक्षा माझंच पक्कं झालंय. दोन्ही आकड्यांना एकाच आकड्यानं भागत जायचं, भाग जाईना की थांबायचं. सहास तीन म्हणजे दोनास एक. परवा पोरांच्या आया चौकशीला आल्या, तशी हिनं फळ्यापाशी उभं राहूनच हाक दिली, "सासूबाई, चहा टाका. पाणी-दूध दोनास एक." मी पडले आज्ञाधारक. दोन कप पाणी, एक कप दूध. सहा बायकांचे ओठ तेवढे ओले झाले. त्या गेल्यावर ही स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "अहो, दोनास एक म्हणजे तेवढंच टाकायचं नसतं. माणसं किती आहेत ते बघायचं." मी म्हटलं, "बाई, तुझ्या गणितात माणसं दिसतातच कुठे?" (हे वाक्य इथे नसेल तर गाळलंय असं समज.)

आता माझं गणित ऐक. हे होते तेव्हा घरात माणसं चार, खोल्या दोन. दोनास एक, सुटसुटीत. हे गेले आणि तीनास दोन झालं. भागून बघ, जात नाही. मला वजा केलं की दोनास दोन, म्हणजे एकास एक. कसं हातासरशी सुटतं बघ. वजा म्हणजे रस्त्यावर नव्हे हो, मुलगा माझा चांगला आहे. फक्त माझी खाट न्हाणीघराच्या दारासमोर बोळात आली आणि ह्यांच्या फोटोच्या खिळ्यावर फळा लागला. घरातलं प्रत्येक माणूस आंघोळीला जाताना माझी विचारपूस करतं, "पाय जरा आत." मुलगा म्हणाला, "आई, तात्पुरतं आहे." मी म्हटलं, "असू दे रे, मीही तात्पुरतीच आहे." तो हसला. विनोद वाटला त्याला.

बाकी सगळं छान. माझी काळजी करू नकोस. खाऊनपिऊन, पाय आखडून सुखात आहे.

तुझी,
थोरली

ता. क. तुझी ती मागची खोली, जिथे रिकाम्या बरण्या पडल्या आहेत, ती झाडून ठेवशील का? बरण्या हलवू नकोस. मी त्यांच्या कडेला मावेन.

आणखी ता. क. याचं उत्तर लिहू नकोस. आलेलं पत्र मला वाचून दाखवणारीही हीच. तू 'नको' लिहिलंस तरी ही 'ये' असंच वाचेल. तेव्हा जे असेल ते स्वतः येऊन माझ्या तोंडावर सांग.