कुंपणापलीकडचं शेण

ती. बाबा,

नमस्कार. मी मजेत आहे. खोली उबदार आहे, दोन्ही वेळ पोटभर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

एवढं शिकून शेणात काय शोधतेस, असं तुम्ही विचारलंत. किडे शोधते. रोज शेणाचे ऐंशी पो काठीने उलटायचे आणि कुठे किती किडे सापडले ते नकाशावर टिपायचं. झाडांखाली थोडे असतात, ओढ्याकाठी भरपूर. ते शेण ओढून मातीत नेतात. कुंपणापलीकडच्या कुरणात मात्र एकही नाही. तिथलं शेण महिनाभर जसंच्या तसं पडलंय आणि खालचं गवत कुजलंय.

आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. मग गुराख्याने सांगितलं, तिकडच्या गाईंना जंताचं औषध टोचतात. ते शेणात उतरतं आणि किडे मरतात. मी त्या कुरणाच्या मालकांच्याच घरी राहते. ते म्हणाले, "तेवढं कुरण नकाशातून वगळ, पोरी. मला दूध विकायचंय." मी नाही म्हटलं. तेव्हापासून ते बोलत नाहीत, पण तुम्ही काळजी करू नका.

मागच्या पत्रात तुम्ही आपल्या गाईंच्या नव्या औषधाचं कौतुक केलंत. नाव मी दोनदा वाचलं. हे तेच औषध आहे.

बाबा, उद्याच आपल्या माळावरचे पो उलटून बघा. खाली मातीत बोट जाईल एवढी भोकं दिसली तर किडे आहेत. नसली, तर मला बरं वाटावं म्हणून आहेत असं लिहू नका. मीही वर जेवणाचं खोटंच लिहिलंय. या घरात चार दिवस माझं ताट मांडलेलं नाही.

तुमची,
धाकटी